पहिला सिलिंडर कुठला

अभिमन बावीस वर्षं चोपड्यात, यावल रस्त्यावरच्या अमृतनानांच्या गॅरेजात काम करत होता. त्यातली वीस वर्षं त्याला कुणाचा हेवा करायची वेळ आली नव्हती. गाडी फाटकातून आत वळली की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, टॅपेट वाजतोय, पंपाचं बेअरिंग गेलंय, एक सिलिंडर मिसिंग करतोय. बॉनेट उघडायच्या आधी सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. अडावद, धानोरा, लासूर, कुठून कुठून लोक गाडी घेऊन यायचे आणि आल्या आल्या विचारायचे, "अभिमनभाऊ आहेत का?"

नाना खुर्चीतून म्हणायचे, "आहे ना. तो नसला तर मी शटर कशाला उघडू?"

मग उषा आली.

उषा पावरा. लासूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. बाप पावसाच्या भरवशावर मका-ज्वारी पेरायचा आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला सगळं घर जंगलात जायचं. या घरातल्या पोरीने चोपड्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केला, दीड वर्ष जळगावला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काढलं आणि आईला बरं नसतं म्हणून घराजवळ काम शोधत नानांकडे आली. वय चोवीस. नानांनी त्याच महिन्यात स्कॅनर घेतला होता. गाडीला वायर जोडली की कुठे बिघाड आहे त्याचा नंबर पडद्यावर दाखवणारं ते मशीन. अभिमनने त्याचं पुस्तक उघडून बघितलं होतं, सगळं इंग्रजीत होतं, म्हणून मशीन परत खोक्यात ठेवून दिलं होतं. उषाने पहिल्याच दिवशी खोकं उघडलं.

सुरुवातीला अभिमनला तिचं कौतुकच वाटलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, हे त्यानेच तिला शिकवलं. ती डोळे मिटून ऐकायची. "भाऊ, दुसऱ्यात बारीक टकटक आहे," म्हणायची, आणि ती असायची. अभिमनला हे शिकायला तीन वर्षं लागली होती. तिला पावसाळा संपेपर्यंत जमलं. त्या दिवशी त्याने तिची पाठ थोपटली आणि हात धुवायला नळावर गेला, तेव्हा आपल्याला आनंद झालेला नाही हे त्याच्या लक्षात आलं.

हळूहळू लोकांचं विचारणं बदललं. धानोऱ्याचे एक मास्तर गाडी घेऊन आले. अभिमनने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, पेट्रोलचा पंप गेलाय. मास्तर म्हणाले, "असेल भाऊ, तुमचं बरोबरच असेल. पण एकदा मशीन लावून बघा ना. उषाताईंना सांगा." उषाने मशीन लावलं, दाब मोजला आणि सांगितलं, भाऊ म्हणतात तेच आहे, पंप. जाताना मास्तरांनी आभार मानले ते उषाचे.

असं दर आठवड्याला काहीतरी व्हायला लागलं. नानांनी दिवसातून किती वेळा "उषा" अशी हाक मारली आणि किती वेळा "अभिमन", हे तो नकळत मोजायला लागला. तिने दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाईक यायच्या आत काहीतरी निमित्त काढून तो एक चक्कर फिरवून आणायचा. काच खाली करून कान लावायचा. एखादा आवाज राहिला असेल, एखादा नट सैल असेल. नसायचा. परत येऊन तो किल्ली खिळ्याला अडकवायचा आणि कुणाशी न बोलता कामाला लागायचा.

घरी त्याची बायको कोकिळा ताट वाढता वाढता विचारायची, "आज काय केलं तिने?"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? दोन वर्षं झाली, तुमच्या तोंडात तिचंच नाव. सवत आणली असती तरी एवढं ऐकावं लागलं नसतं."

अभिमन मान खाली घालून जेवायचा. हेवा हा शब्द त्याने मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नव्हता. आपण फक्त काम नीट होतंय की नाही ते बघतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मार्चच्या शेवटी अडावदचे प्रेमराज पाटील गाडी घेऊन आले. केळीचे मोठे बागायतदार, साठीचे, पंधरा वर्षं अभिमनचे गिऱ्हाईक. त्यांच्या ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत अभिमनच्या हाताखालून गेला नाही असा एकही बोल्ट नव्हता. ही गाडी मात्र नवीन होती, म्हणजे त्यांच्यासाठी नवीन. पुण्याच्या जावयाने वापरलेली पेट्रोल गाडी, फ्रेंच बनावटीची. अशा गाड्या या भागात फार नव्हत्या. अभिमन हात पुसत पुढे झाला.

"कसा आहेस अभिमन? बरा ना?" प्रेमराजआबा म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "ती पोरगी कुठंय?"

अभिमनने हात पुसायचं फडकं खिशात कोंबलं. "आहे. बोलावतो," म्हणाला.

आबांनी उषाला सांगितलं, "उभी असली की गाडी झक्कास चालते. पण तापली आणि चढ लागला, की धक्के मारते. समोरचा पिवळा दिवा लुकलुकतो."

उषाने स्कॅनर जोडला. पडद्यावर नंबर आला. "पहिला सिलिंडर मिसिंग करतोय, त्यात मधेच पेट्रोल पेटत नाही," ती म्हणाली. इंजिन चालू ठेवून तिने चारही सिलिंडरचं एकेक कनेक्शन काढून बघितलं, पण उभ्या गाडीत चारही सारखेच चालत होते. म्हणजे आता मशीन सांगतंय त्याच्यावरच भिस्त होती. ती इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला गेली आणि तिकडून पहिल्या कॉइलवर, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागावर, हात ठेवला.

अभिमन पलीकडे एका जीपचं चाक काढत होता. तिचा हात कुठे गेला ते त्याला दिसलं आणि त्याचा पाना थांबला.

नऊ वर्षांपूर्वी नानांच्या साडूच्या गॅरेजात माणूस कमी होता म्हणून तो महिनाभर धुळ्याला गेला होता. तिथे याच बनावटीची एक गाडी आली होती, अशीच मिसिंग करणारी. त्याने आणि तिथल्या मेकॅनिकने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी वना मिस्त्री नावाचे एक म्हातारे कारागीर सहज चहाला आले आणि म्हणाले, "अरे, उलट्या बाजूने मोजताय तुम्ही." बहुतेक गाड्यांत सिलिंडर मोजतात ते पट्ट्याच्या टोकाकडून. पट्ट्याजवळचा पहिला, मग दुसरा, तिसरा, आणि गिअरबॉक्सजवळचा चौथा. या बनावटीच्या गाडीत मोजणी गिअरबॉक्सकडून सुरू होते. मशीन ज्याला पहिला म्हणतं, तो आपल्या सवयीचा चौथा.

उषाचा हात चुकीच्या टोकाला होता. अभिमन उठून उभा राहिला. चार पावलं जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. तेवढ्यात आबा नानांना म्हणाले, "बघा, कशी पटापट करते. आपल्या वेळच्या लोकांना याला दोन दिवस लागले असते."

अभिमन खाली बसला आणि चाकाचा पुढचा नट सोडवायला लागला.

उषाचं काम पद्धतशीर होतं. तिने पट्ट्याकडच्या पहिल्या दोन कॉइल एकमेकींच्या जागी लावल्या. कॉइल खराब असेल तर बिघाड तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर जायला हवा. गाडी तापवून ती कालव्याच्या चढावर फिरवून आणली. मशीनने परत पहिलाच दाखवला. म्हणजे कॉइल चांगली. मग तिने प्लग बदलून बघितले. पहिलाच. मग पेट्रोल फवारणारे नोझल अदलाबदल केले, त्यात अर्धा दिवस गेला. पहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, ते उत्तम होतं. दर वेळी ती चढावरून परत येऊन पडद्याकडे बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि पुन्हा बॉनेट उघडायची.

अभिमन दर वेळी तिचा चेहरा बघायचा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं. पण ते गोड लागण्यातच काहीतरी टोचत होतं, म्हणून तो तिच्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा न उघडताच त्याच्याजवळ आली. "भाऊ, या बनावटीची गाडी तुम्ही कधी उघडली आहे का?"

ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. तिच्या मनात काहीही नव्हतं, फक्त विचारत होती.

"नाही," अभिमन म्हणाला. "मी कशाला उघडतोय."

"मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय. कळत नाहीये."

"मशीन काय म्हणतं?"

"मशीन तेच म्हणतंय. पहिला."

"मग असेल पहिला. मशीन कशाला खोटं बोलेल?"

ती मान हलवून गेली. अभिमनने उरलेली भाकरी कुत्र्याला टाकली.

तिसऱ्या दिवशी उषाने नानांना आणि आबांना सांगितलं की बिघाड आता वायरिंगमध्ये किंवा गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच असू शकतो. कॉम्प्युटर काढून तपासायला जळगावला पाठवावा लागेल. आबांचा चेहरा उतरला. केळीची कापणी चालू होती, रोज शेतावर जायचं होतं. ते म्हणाले, "मग तोवर मी अशीच वापरतो."

"नको आबा," उषा म्हणाली. "दिवा लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरकडे जातं. तिथे एक जाळीचा डबा असतो, तो तापून लाल होतो. गाडी चालवू नका. मी नानांच्या जीपने तुम्हाला घरी सोडायची सोय करते."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग अभिमनकडे वळले. "अभिमन, तू सांग. नेऊ का नको?"

कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला तिच्या बोलण्यावरचा निकाल विचारत होतं. अभिमनला अंगात ऊब शिरल्यासारखं वाटलं. आणि गाडी इथेच उभी राहिली तर ही पोरगी आज ना उद्या दुसऱ्या टोकाला हात घालेल, हेही त्याच क्षणी त्याला दिसलं.

"न्या आबा," तो म्हणाला. "हळू चालवा. एवढं काही होत नाही."

उषाने त्याच्याकडे बघितलं. आबा गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांना फोन आला. सकाळी आबांनी गाडीत खताच्या गोण्या भरल्या होत्या आणि कालव्याच्या कडेने, भुसभुशीत मातीतून, पहिल्या गिअरमध्ये शेतापर्यंत नेली होती. सगळा रस्ता गाडी धक्के मारत होती. शेडजवळ त्यांनी ती उभी केली ती केळीच्या वाळलेल्या पानांच्या ढिगावर. उतरून ते बागेत गेले आणि दहा मिनिटांत खालून धूर निघायला लागला. भिकन नावाचा त्यांचा सालदार जवळ होता. बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला असलेला माणूस. तो धावत आला, हॅंडब्रेक सोडला आणि गाडी ढकलून पानांवरून बाजूला काढली. नंतर बंपरखाली अडकलेली जळती पानं त्याने हातांनी ओढून काढली. शेडजवळ ठेवलेली ठिबकच्या नळ्यांची बंडलं जळाली, गाडीच्या पोटाखालच्या वायरी जळाल्या, आणि भिकनचे दोन्ही तळहात भाजले. त्याला चोपड्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

संध्याकाळी आबा गॅरेजात आले. ते उषाच्या समोर उभे राहिले. "तीन दिवस खेळत बसलीस गाडीशी."

"आबा, मी चालवू नका म्हटलं होतं."

"तुला दुरुस्त करता आली असती तर तसं म्हणायची वेळच आली नसती."

तिने नानांकडे बघितलं. नाना टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. अभिमनकडे तिने बघितलंच नाही, आणि तो कॉम्प्रेसरच्या मागे काहीतरी शोधत राहिला. उषाने अंगावरचा निळा डगला काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. "नाना, मी काही दिवस घरी राहते," म्हणाली आणि स्कूटीवरून निघून गेली.

नाना अभिमनला म्हणाले, "आता तूच बघ बाबा."

गाडी ओढून आणली. जळलेल्या वायरी जोडण्यात अभिमनचे दोन दिवस गेले. मग त्याने गिअरबॉक्सकडची पहिली कॉइल काढली आणि उन्हात धरली. काळ्या अंगावर केसासारखी बारीक चीर होती, तिच्या कडेने पांढुरकी रेघ. तापली की ठिणगी त्या चिरेतून बाहेर पळत होती. नवी कॉइल बसवायला दहा मिनिटं लागली. कालव्याच्या चढावर गाडी लोण्यासारखी चढली.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नाना, जुन्या हाताची सर नाही येत कुणाला." नाना म्हणाले, "तेच तर." दोन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांनीही ऐकलं. दोन वर्षं अभिमनला हेच ऐकायचं होतं. ऐकताना त्याचं सगळं लक्ष खुर्चीवरच्या घडी घातलेल्या डगल्याकडे होतं. तो अजून कुणी उचलला नव्हता.

त्या दिवशी तो जेवायला बसला. कोकिळा म्हणाली, "तिचं नाव नाही काढलं आज."

"ती येत नाही आता."

"मग बरं झालं की. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

अभिमनने घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. भिकन कॉटवर बसला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. अभिमनला बघून तो हसला.

"ये भाऊ, बस. गाडी वाचनी ना? मी व्हतू म्हनीसन वाचनी, नहीतं बठ्ठी गाडी जयीसन राख व्हई जाती."

"हात कसे आहेत, दादा?"

"डॉक्टर सांगस, महिनाभर काम नही. बरा व्हई जातीन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आबा ती पोरवर चिडनात म्हने. तिना काय दोष शे? तिनी तं पहिलेच सांगेल व्हतं, गाडी चालाडू नका."

अभिमन पाच मिनिटंही बसला नाही. बाहेर येऊन मोटरसायकलला टेकून उभा राहिला. आपण काय सांगितलं होतं ते भिकनला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्याने बहुतेक "ये भाऊ, बस" असंच म्हटलं असतं, असं अभिमनला वाटलं आणि त्याला ते सहन होईना.

शनिवारी उषा तिचे पाने न्यायला आली. नाना आत केबिनमध्ये होते. ती तिच्या पेटीत एकेक पाना पुसून ठेवत होती. अभिमन इंजिनावर वाकलेला होता. तिने मान वर न करता विचारलं, "आबांची गाडी झाली म्हणे, भाऊ. काय निघालं?"

"कॉइल."

"कुठल्या सिलिंडरची?"

इथे त्याला तिसरा म्हणता आलं असतं, वायर म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "पहिल्या."

तिचा हात थांबला. "पहिली मी बघितली होती. दुसऱ्यावर लावूनही बघितली."

"गिअरबॉक्सकडून पहिली."

ती उभी राहिली. तिची नजर रिकाम्या जागेकडे गेली, जिथे ती गाडी तीन दिवस उभी होती. ती मनातल्या मनात सगळं परत करून बघत होती हे त्याला दिसत होतं. कॉइल, प्लग, नोझल, कॉम्प्रेशन. सगळं बरोबर, सगळं चुकीच्या टोकाला.

"या गाडीत तिकडून मोजतात?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ वर्षं झाली," अभिमन म्हणाला. "धुळ्याला असताना."

गॅरेजात कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. उषाने हातातला पाना पेटीत ठेवला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," उषा म्हणाली.

"हो."

"डबा न खाता विचारायला आले होते."

"हो."

"मग?"

अभिमनने खूप उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "सगळे तुझंच नाव घ्यायला लागले होते," तो म्हणाला. बावीस वर्षं काम केलेल्या त्या जागेत हे वाक्य एखाद्या लहान पोराचं असावं तसं वाटलं.

उषाचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "मला मेकॅनिकचं काम शिकवलं ते आयटीआयने. ऐकायला तुम्ही शिकवलं. मी घरी आईला सांगायचे, तिथे एक भाऊ आहेत, ते असले की मला भीती नाही." तिने पेटीचं झाकण लावलं. "चार दिवस मी हाच विचार करतेय की माझ्यामुळे एका माणसाचे हात भाजले. आई म्हणाली, सोडून दे हे काम. मी सोडणार होते."

"तुझ्यामुळे नाही."

"ते मला आत्ता कळलं. नानांना कोण सांगणार, तुम्ही की मी?"

"मी सांगतो."

"मग सांगा. मी इथे थांबते."

अभिमन केबिनमध्ये गेला. नानांसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. धुळ्याचं, उषाने विचारलं त्याचं, आणि आबांना गाडी न्यायला सांगितलं त्याचंही. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं सांगता आलं नसतं. नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, "माझ्याकडे येऊन म्हणाला असतास, नाना, मला हे सोसत नाही, तर मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते माहीत नाही. पण केलं असतं." मग म्हणाले, "अडावदला जा आणि आबांच्याही तोंडावर सांग. फोनवर नको."

उषा बाहेर उभी होती. नाना तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "पोरी, मी त्या दिवशी गप्प बसलो. माझंही चुकलं. तुझी जागा आहे इथे." ती म्हणाली, "बघते नाना," आणि पेटी स्कूटीला बांधून गेली.

प्रेमराजआबा ओट्यावर बसले होते. अभिमन पायरीवर उभा राहूनच बोलला. आबा शिव्या देतील, कदाचित हात उचलतील, याची त्याची तयारी होती. आबा एवढंच म्हणाले, "तिने नको म्हटलं होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघून गाडी नेली."

"हो आबा."

"भिकनला एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यावं लागतं. माझ्या घरातलं कुणी नेणार नाही. तू न्यायचंस, हात बरे होईपर्यंत. आणि आधी त्याला सांगायचंस का नेतोस ते."

अभिमनने भिकनला सांगितलं. पहिले चार-पाच फेरे तो मोटरसायकलवर मागे बसायचा, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर धरून, आणि अडावदपासून चोपड्यापर्यंत एक अक्षर बोलायचा नाही. एकदा रस्त्यात उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबले. अभिमनने ग्लास त्याच्या तोंडाला लावला. दोन घोट पिऊन भिकनने विचारलं, "तुले ती पोरना एवढा राग कसाना व्हता?"

"राग नव्हता, दादा."

"मंग?"

अभिमनने सांगायचा प्रयत्न केला. लोक कसे आधी त्याला विचारायचे, मग कसे तिला विचारायला लागले. भिकनने शांतपणे ऐकलं. "माले तं कोनीच विचारत नही," तो म्हणाला. "काय करानं मंग?" त्याने विचारलं ते खरोखरच विचारलं होतं. अभिमनने ग्लास परत त्याच्या तोंडाला लावला.

मे महिन्याच्या सुरुवातीला पट्ट्या सुटल्या. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. केळीचा घड धरता येत होता, कोयता घट्ट धरता येत नव्हता. आबांनी त्याला पाण्याच्या पाळ्यांचं काम दिलं.

उषा नानांकडे परत आली नाही. आबा स्वतः तिच्या गावी जाऊन तिची माफी मागून आले. तिच्या आईने त्यांना मोहाच्या फुलांची पिशवी दिली असं ते सांगत होते. जूनमध्ये उषाला धुळ्याला एका मोठ्या गॅरेजात काम मिळालं. आईला तिने बरोबर नेलं. दिवाळीनंतर नानांना कुणाकडून तरी कळलं की तिकडे अवघड गाड्या सगळ्या तिच्याकडेच जातात, तिच्या हाताखाली चौघं आहेत. नानांनी ते गॅरेजात सगळ्यांसमोर सांगितलं.

अभिमनने ऐकलं आणि त्याच्या छातीत ते जुनं पुन्हा हललं. ते कधीच पूर्ण जाणार नव्हतं, एवढं त्याला आता कळलं होतं. या वेळी त्याने त्याला दुसरं काही नाव दिलं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तो कोकिळेला म्हणाला, "उषाचं तिकडे चांगलं चाललंय. मला वाईट वाटलं ऐकून."

कोकिळेने त्याच्याकडे बघितलं. "ते मला कधीचं माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही आज बोललात."

जानेवारीत एक डिझेल पिकअप आली, ती काही केल्या समजेना. अभिमन आता स्कॅनर लावायला शिकला होता, पडद्यावरचा नंबर वहीत उतरवून त्याचा अर्थ शोधायचा. दोन दिवस गेल्यावर त्याने धुळ्याला फोन लावला. उषाने उचलला. त्याने नाव सांगितलं. ती म्हणाली, "बोला."

त्याने बिघाड सांगितला. तिने तीन प्रश्न विचारले, तीनही नेमके. मग कुठली वायर बघायची ते सांगितलं आणि ती कुठून कुठे जाते तेही, एकेक टप्पा सावकाश, त्याला लिहून घेता येईल असा. काही राखून ठेवलं नाही.

"आणखी काही?" तिने विचारलं.

अभिमनला पुष्कळ बोलायचं होतं. "नाही," तो म्हणाला. "आई बऱ्या आहेत का?"

"बरी आहे."

"बरं."

तिने फोन ठेवला. संपूर्ण बोलण्यात ती त्याला एकदाही भाऊ म्हणाली नव्हती. अभिमनने वही उघडी धरली आणि पिकअपच्या बॉनेटखाली वाकला. वायर तिने सांगितली तिथेच तुटलेली होती. गिऱ्हाईक बाजूला उभं होतं, म्हणालं, "भाऊ, सापडलं वाटतं तुम्हाला."

"मला नाही," अभिमन म्हणाला. "धुळ्याच्या उषाताईंनी सांगितलं." तो हे मोठ्याने, नानांना केबिनमध्ये ऐकू जाईल असं बोलला.